चाळीस प्रती

डॅन्यूबकाठच्या आमच्या विदिनमध्ये कोणी गेलं की पहिला फोन डॉक्टरला जातो, दुसरा पाद्र्याला आणि तिसरा मिल्का दोचेवा हिला. पाद्री कधी कधी उचलत नाही. मिल्का उचलते.

तिचं दुकान बाजाराच्या मागच्या गल्लीत, कुलूपवाला आणि कबाबवाला यांच्या मधे. काचेवर 'शोकपत्रकं' एवढंच लिहिलंय आणि तेवढं पुरतं. काळी चौकट, वर क्रूस, मधे फोटो, खाली नाव, तारीख आणि चार ओळी. आमच्याकडे माणूस गेल्याचं तोंडाने सांगत फिरत नाहीत, कागद सांगतो. घराच्या फाटकावर, विजेच्या खांबावर, बसथांब्याच्या काचेवर, गेलेला माणूस रोज जिथे भाजी घ्यायचा त्या गाळ्यावर. लावलेला कागद कोणी फाडत नाही. पावसाने जाईल तेव्हा जाईल. अर्धं गाव पोट भरायला स्पेनला नि जर्मनीला गेलं, मिल्काचा मुलगासुद्धा तिकडेच ट्रक चालवतो, आणि उरलेलं अर्धं गाव हळूहळू तिच्या कागदावर येतंय. धंद्याला मरण नाही, असं ती म्हणायची, आणि मग स्वतःच जीभ चावायची.

अठराव्या वर्षी ती सरकारी छापखान्यात जुळारी म्हणून लागली. शिशाचे खिळे उचलून उलट्या ओळी लावायच्या, दिवसाला दोन पानं. छापखाना बंद पडला तेव्हा भंगारात निघालेलं लोखंडी हातयंत्र तिने हातगाडीवर घालून घरी आणलं. नवरा सावा आठ दिवस बोलला नाही. पुढे शोकपत्रकं संगणकावर व्हायला लागली आणि हातयंत्र मागच्या खोलीत धूळ खात पडलं, पण ते विकायचं नाव काढलं की ती अंगावर यायची. सावा जाऊन अकरा वर्षं झाली. त्याचा कागद तिने स्वतःच केला, तोही हसऱ्या फोटोचा. सासूने नाक मुरडलं. मिल्काने भीक घातली नाही.

तर अशा या बाईच्या मागच्या खोलीत ती मुलं आली कशी, हे आधी सांगायला हवं.

रालित्सा ही शाळेतली चित्रकलेची बाई, चाळिशीची, बारीक, सतत घाईत. गावच्या वाचनगृहात ती दर गुरुवारी एक वर्ग घ्यायची. आपण कोण आहोत हे ज्यांना घरीदारी सांगायची चोरी, अशा पोरांचा तो वर्ग. मुलांवर जीव जडलेले मुलगे, मुलींवर जीव जडलेल्या मुली, आणि जन्मवेळी दाईने ज्यांची नोंद चुकीच्या रकान्यात केली अशी एकदोन. चित्रं काढायची, लिनोलियमवर कोरायचं, छापायचं, आणि दोन तास कोणाला काही खोटं सांगायचं नाही. कोणीतरी तक्रारीचं पत्र दिलं. वाचनगृहाचं छत गळतंय असं निघालं. छत ठणठणीत होतं, पण वर्ग बंद झाला. मग रालित्सा मिल्काकडे उरलेले कागद मागायला आली.

"कागद देते," मिल्का म्हणाली, "पण छापणार कशावर? पोटावर?"

आणि मागच्या खोलीची किल्ली दिली. तिला कोणाचा उद्धार करायचा नव्हता. यंत्र फिरलेलं बघायचं होतं, बस. पहिल्याच गुरुवारी तिने तोंड उघडलं ते असं: "काय रे, तुम्हाला लग्नंबिग्नं करायची नाहीत का?"

"करायचीत की, मावशी," तिशो म्हणाला. वीस वर्षांचा, लांब मानेचा, दातांच्या डॉक्टरकडे फोन घ्यायचं काम करणारा. "सरकारच नको म्हणतंय."

ती हसली आणि त्या दिवसापासून मावशी झाली. त्या वर्गाचा एकच नियम होता. दारात आल्यावर जे नाव सांगाल ते तुमचं नाव. ओळखपत्रावर काय आहे ते कोणी विचारायचं नाही, सांगायचंही नाही. जन्मभर दाखल्यांवरची नावं उतरवून कंटाळलेल्या मिल्काला हा नियम फार आवडला.

आठ जण यायचे. त्यातला कसबी हात कामेनचा. एकोणीस वर्षांचा, डोकं भादरलेलं, जाड चष्मा, हनुवटीवर चार केस आणि त्या चार केसांचा भलता अभिमान. आरसा न घेता उलटी अक्षरं कोरायचा. मिल्काला हे शिकायला दोन वर्षं लागली होती. ती मागे उभी राहून बघायची आणि चुकला की टपली मारायची, आणि तो फारसा चुकायचा नाही. वसंतात नदीकाठच्या लांब भिंतीवर सगळ्यांचे छाप लावायचे ठरले होते. कामेन दोन मीटर लांबीचा मासा कोरत होता, आपल्या डॅन्यूबमधला मिशांवाला शिंगाळा, लिनोलियमच्या तीन पाट्यांत.

"एवढा मोठा कशाला रे?" तिने विचारलं होतं.

"लांबून दिसायला, मावशी. पलीकडच्या रुमानियातून दिसला पाहिजे."

फेब्रुवारी सरत आला आणि कामेन सलग दोन गुरुवार आला नाही. फोन बंद. रालित्सा म्हणाली, आई आजारी आहे म्हणून गावी गेलाय. मिल्काने माशाच्या डोक्याची पाटी झाकून ठेवली आणि विषय सोडला. पोरं येतात, जातात.

त्यानंतरच्या मंगळवारी, अकराच्या सुमाराला, एक माणूस दुकानात आला. पन्नाशीचा, रुंद खांद्यांचा, इस्त्रीचा सदरा, टोपी हातात. ओरलिन वुतेव असं नाव सांगितलं. पुलाकडच्या खेड्यातला, द्राक्षांचे मळे असलेला. त्याने खिशातून फोटो काढून पालथा ठेवला आणि मग सावकाश उलटा केला.

"मुलगी," तो म्हणाला.

पांढरा पोशाख, मोकळे लांब केस, शाळेच्या पायऱ्या, हातात फुलं. चेहरा कुठेतरी पाहिल्यासारखा वाटला, पण विदिनमध्ये कोणता चेहरा पाहिल्यासारखा वाटत नाही! कागदावर त्याने सगळं लिहून आणलं होतं. देनित्सा ओरलिनोवा वुतेवा, वय एकोणीस. दहा मार्च. म्हणजे आदल्याच दिवशीचा सोमवार. "आमची देनित्सा आम्हाला सोडून गेली. ती आता नाही. आई, बाप आणि काका."

आता इथे मिल्काचं चुकलं, आणि ते आमच्या लोकांसारखंच चुकलं. म्हाताऱ्या आईबापाचा कागद करायला कोणी आलं तर ती दाखला मागते, कारण तारखा चुकतात आणि मग भावाभावांत जुंपते. पण पोटच्या पोराचा कागद करायला आलेल्या माणसाला काही विचारायचं नाही, ही जुन्या जुळाऱ्यांची रीत. दाखला मागायचा नाही, कसं झालं ते विचारायचं नाही, पैसे घ्यायचे नाहीत. समोरच्याला खुर्ची द्यायची आणि आपण गप्प बसायचं. तीस वर्षांत तिने अकरा पोरांचे कागद केले होते आणि अकराही वेळा ती गप्प बसली होती.

"दफनाची वेळ घालायची का?" एवढंच तिने विचारलं.

"घरच्या घरी उरकलं."

"किती प्रती?"

"चाळीस."

यंत्रातून कागद निघत होते तेव्हा तो मागच्या खोलीच्या दाराकडे बघत होता. "मागे मुलं येतात म्हणे तुमच्याकडे. चित्रं काढायला."

"गुरुवारी येतात."

"चांगलं आहे," तो म्हणाला. "तुमचं काम फार स्वच्छ आहे, मिल्काबाई. म्हणून मुद्दाम तुमच्याकडे आलो."

त्याने बत्तीस प्रती घेतल्या. आठ तिने ठेवून घेतल्या, कारण लहान पोरांचे कागद गावात ती स्वतः लावते. डिंकाची बादली घेऊन ती त्याच दुपारी निघाली. बसथांबा, बाजाराचं फाटक, टपाल कचेरी, शाळेजवळचे खांब. प्रत्येक कागदावरून तिने हाताने नीट हवा काढली. एकोणीस वर्षांची पोर गं, म्हणत तिने दोनदा डोळे पुसले. तिला नंतर या गोष्टीचीच सगळ्यात जास्त चीड यायची, की आपण रडलो होतो.

गुरुवारी चार वाजता तिशो आला तेव्हा तोंड पांढरं पडलं होतं. मागून रालित्सा आणि बाकीचे.

"मावशी, बसथांब्यावरचा तो कागद तू केलास?"

"कुठला? त्या पोरीचा? हो, मीच. ओळखीची होती का रे?"

"मावशी, तो कामेन आहे."

तिला कळलंच नाही. मग तिने दुकानात उरलेला नमुना पुढे ओढला आणि फोटोतल्या केसांवर हात ठेवला, डावीकडून एक, उजवीकडून एक. मधून कामेन तिच्याकडे बघत होता.  ती शाईच्या डब्यावरच बसली.

"म्हणजे गेला?" ती म्हणाली. "मेला माझा पोरगा?"

कोणालाच माहीत नव्हतं. रालित्साने दवाखान्यात फोन लावला, तिथे ना या नावाचं कोणी होतं, ना त्या. खेड्यातल्या एका ओळखीच्या बाईला लावला, तर ती म्हणाली, हो हो, फाटकावर काळी फीत आहे, बिचारी आई दारात येत नाही, आम्ही मयताचे उकडलेले गहू देऊन आलो. थडगं पाहिलं का, असं विचारायची हिंमत रालित्साला झाली नाही. तासभर ती सगळी तशीच बसून होती. कोणी कोरणीला हात लावला नाही.

पाच वाजता मागचं दार वाजलं आणि कामेन आत आला. सूर्यफुलाच्या बियांची पुडी हातात, ओठ फुटलेला, अंगावर कोणाचा तरी मोठा कोट.

सगळे त्याच्यावर कोसळले. मिल्का उठली नाही. 

"अरे हो, हो! मेलेल्याला गुदमरवता काय," तो म्हणाला. "मावशी, फोटो झकास आलाय हं. बसथांब्यावर एका आजीने एकदा कागदाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. म्हणाली, बाळा, तुझी बहीण का रे? म्हटलं, हो आजी. तिने मला दोन चॉकलेटं दिली."

तो हसला. दुसरं कोणी हसलं नाही.

मग त्याने सांगितलं. आई आजारी वगैरे काही नव्हती. बापाने निरोप पाठवून बोलावलं, फोन काढून घेतला आणि अंगणातल्या उन्हाळी स्वयंपाकघरात कोंडलं. दोन काका आळीपाळीने दारात. केस वाढेपर्यंत बाहेर काढायचं नाही, असं ठरलं होतं. सोमवारी पहाटे आईने कडी काढली, हातात पाव दिला आणि म्हणाली, जा, आणि मला पुन्हा दिसू नकोस. तो ओळखीच्या एका भाजीच्या मळ्यावर तीन रात्री राहिला. मंगळवारी कागद लागला.

"एक मात्र आहे," तो बी फोडत म्हणाला. "आता माझं काही झालं तर शोधणार कोण? मी तर गेलोच आहे. मावशीने छापलंय."

हे त्याने थट्टेतच म्हटलं. पण खोलीत एकदम गार झालं. मिल्काला तेव्हा समजलं की तिच्याकडून नेमकं काय करून घेतलं गेलं होतं. गावात कागद लागला म्हणजे लोकांचं शोधणं, विचारणं संपतं. ओरलिन वुतेव दुःख घेऊन आला नव्हता. तो मोकळीक घेऊन गेला होता, आणि तिने ती खुर्ची देऊन, फुकट दिली होती.

दुसऱ्या दिवशी भर बाजारात ती खरवडणी आणि पाण्याची बादली घेऊन कागद काढायला लागली. टपाल कचेरीचा निघाला, शाळेजवळचे निघाले. बाजाराच्या फाटकावर दोब्रा भाजीवाली अंगावर धावून आली.

"मिल्का! डोकं फिरलं का तुझं? मेलेल्या पोरीचा कागद फाडतेस?"

"पोरगी मेलेली नाही."

"मग कुठे आहे?"

 कुठे आहे हे सांगावं तर बापाला पत्ता दिल्यासारखं. कोण आहे हे सांगावं तर बाजाराला नवीन खाद्य. तोवर पाचपन्नास माणसं जमली होती. तिने मुकाट्याने कागद खरवडला. मागून कोणीतरी थुंकलं. ज्या बाईने त्यांच्या सगळ्यांच्या आईबापांचे कागद लावले, तिच्याकडे लोक अशा नजरेने बघत होते की आता ही थडगीही उकरेल.

सकाळी सगळ्या जागांवर नवे कागद होते. बापाकडे बत्तीस होते ना.

ती पोलिसांत गेली. साहेबाने शांतपणे ऐकून घेतलं, कॉफीसुद्धा मागवली. "बाई, कागद तुम्हीच छापला. दाखला तुम्हीच मागितला नाही. आता म्हणताय मुलगी जिवंत आहे. आणा तिला समोर, घरच्यांच्या हवाली करू."

"ती एकोणीसची आहे. आणि तो मुलगा आहे."

साहेबाने लेखणी खाली ठेवली. "म्हणजे नक्की तक्रार कोणाची?" तो म्हणाला. "घरची भांडणं घरात मिटवा." आणि मिल्काची कॉफी संपायच्या आत तो उठला.

आता प्रश्न एकच होता. कामेनने इथे राहायचं की जायचं. रालित्साचं म्हणणं, एक दिवसही नको. सोफियात तिच्या ओळखीच्यांनी खोली तयार ठेवलीय, तिथे अशी पोरं राहतात, काम मिळेल, आजच्या बसला बसवा. कामेन म्हणाला, मासा अर्धा आहे, नदी इथे आहे, आई इथे आहे, आणि मी काही चोरी केलेली नाही. आणि मिल्का पेटली.

"का जावं त्याने? त्याच्या बापाच्या मालकीचं आहे का विदिन? वरची खोली रिकामी आहे. तीस वर्षं या गावाची मेलेली माणसं सांभाळली मी, एक जिवंत सांभाळता येणार नाही?"

"मावशी, हा हट्ट करायचा विषय नाही."

"तू गप गं. घाबरट."

रालित्सा खरंच गप्प बसली, आणि मिल्काला त्याचा आनंद झाला. तिचा स्वभावच तसा. कोणी ढकललं की ती दारात आणखी पाय रोवायची, मग दाराबाहेर काय आहे ते बघायची नाही.

कामेन वरच्या खोलीत राहायला आला. दिवसभर मागे बसून कोरायचा, संध्याकाळी तिच्याबरोबर भोपळी मिरच्यांची भाजी नि पाव खायचा, तिच्या रेडिओला नावं ठेवायचा. अकरा वर्षांनी घरात दुसऱ्या माणसाचे मोजे वाळत पडले होते. तिला ते बरं वाटत होतं, हे तिने कोणाला सांगितलं नसतं, पण वाटत होतं. त्याच्यासाठी राहा म्हणते की माझ्यासाठी, हा प्रश्न एकदोनदा तिच्या डोक्यात आला. तिने तो झटकला.

बाहेर मात्र दिवस फिरत चालले होते. दुकानाचा फोन वाजायचा, ती नाव सांगायची, पलीकडे कोणीतरी श्वास घ्यायचं आणि ठेवायचं. समोर कुलूपवाल्याच्या दारात एक पांढरी गाडी उभी राहायला लागली. आत दोन माणसं, बिया फोडत. तासभर, कधी दोन तास. ती बाहेर जाऊन काचेवर टकटक करायची, "काय पाहिजे?" आतला माणूस नम्रपणे म्हणायचा, "काही नाही, काकू. वाट बघतोय." कुलूपवाला पूर्वी सकाळी तिच्याकडे कॉफी प्यायला यायचा. तो यायचा बंद झाला. गुरुवारी आठांचे पाच झाले, मग तीन. तिशोच्या डॉक्टरला कोणीतरी चिठ्ठी टाकली आणि तिशोही येईनासा झाला. कामेनच्या माशाचं डोकं आणि मधला भाग छापून झाला होता. मिशा इतक्या सुरेख उठल्या होत्या की मिल्काने दोन प्रती जास्त काढल्या. शेपूट राहिली होती.

आणि मोजून चाळिसाव्या दिवशी, सकाळी अकराला, ओरलिन वुतेव पुन्हा दुकानात आला. तोच सदरा, तीच टोपी हातात.

"चाळीस दिवस झाले, मिल्काबाई. चाळिसाव्याचा कागद लागेल."

आमच्याकडे चाळिसाव्या दिवशी पुन्हा कागद लागतो, त्यात नवल काही नाही. नवल त्याच्या आवाजाचं होतं. त्यात राग नव्हता, लाज नव्हती, नाटकही नव्हतं. मिल्काने ओठांवर आलेली शिवी गिळली. आतून कोरणीचा आवाज येत होता, खर्र, खर्र. तोही ऐकत होता. पांढरी गाडी बाहेर उभी होतीच. म्हणजे याला सगळं माहीत होतं, पोरगा रोज किती वाजता उठतो इथपर्यंत.

तेव्हा तिला वाटलं, समोर उभं करावं. कागदावर मारणं सोपं आहे. पोटचं पोर समोर उभं राहिलं तर कुठल्या बापाची जीभ उचलेल? चाळीस दिवस ती या एकाच गोष्टीची वाट बघत होती, असं तिला वाटलं.

"कामेन!" तिने हाक मारली. "बाहेर ये रे. गिऱ्हाईक आलंय."

खर्र बंद झालं. तो दारात आला. हात शाईने काळे, चष्मा कपाळावर. त्याने बापाला पाहिलं. मग तो चालत पुढे आला, फडताळावरची वही घेतली, पेन्सिल घेतली आणि काउंटरच्या या बाजूला उभा राहिला. मिल्काने असं काही सांगितलं नव्हतं.

"बोला," तो म्हणाला. "नाव?"

ओरलिन वुतेवने त्याला नीट पाहिलं. हात, चष्मा, हनुवटीवरचे चार केस. सावकाश, बाजारात जनावर बघतात तसं.

"देनित्सा ओरलिनोवा वुतेवा," तो म्हणाला.

कामेनने लिहिलं. अक्षर सुंदर होतं त्याचं.

"वय?"

"एकोणीस."

"मजकूर?"

"मागचाच."

"प्रती?"

"चाळीस."

"तारीख?" कामेन म्हणाला.  "मागचीच घालू? दहा मार्च?"

 बापाने टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"नको. ती चुकली होती," तो म्हणाला. "तारखेची जागा रिकामी ठेवा. मी हाताने भरेन."

पेन्सिल थांबली. मिल्काला वाटलं आपण ओरडलो, पण ती ओरडली नव्हती. तिने पुढे होऊन वहीचं पान फाडलं, चुरगाळलं आणि म्हणाली, "मी हे छापणार नाही. चालते व्हा."

"हरकत नाही," तो म्हणाला. "शेजारच्या मोंताना गावात आहे एक छापणारा. तुमच्याइतकं स्वच्छ नाही करत." फोटो त्याने खिशात ठेवला, टोपी घातली. दारात वळून मुलाकडे नाही, तिच्याकडे बघून म्हणाला, "मी तुमच्याकडे आधी आलो. हे लक्षात ठेवा." आणि दार हलक्या हाताने लावून घेतलं.

बाहेर तो गाडीत बसला नाही. खिडकीशी वाकून आतल्या दोघांशी दोन शब्द बोलला आणि पायी निघून गेला. गाडी तिथेच राहिली.

कामेन मागच्या खोलीत गेला. ती पाठोपाठ गेली. तो शेपटाच्या पाटीसमोर बसला होता, कोरणी हातात होती, पण हात चालत नव्हता. ती त्याच्यासमोर उभी राहिली. चाळीस दिवस जे ती ठासून सांगत होती ते सगळं तिच्या जिभेवर होतं. हे तुझं गाव आहे. का जावं तू. मी आहे ना. तिने त्याच्या शाईच्या हातांकडे पाहिलं आणि तिला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हट्टाची भीती वाटली.

"मावशी," तो म्हणाला. "सोफियाची बस किती वाजता?"

त्याने वर पाहिलं. ती नको म्हणेल याची तो वाट बघत होता. त्याला ते हवं होतं. तिला ते स्वच्छ दिसत होतं. ती राहा म्हणाली असती तर तो राहिला असता.

"दीडला," ती म्हणाली. "मागच्या दाराने जाऊ. रालित्साला फोन लाव, गाडी घेऊन ये म्हणावं."

आणि तिने स्वतःच त्याचा कोट खुंटीवरून काढून त्याच्यापुढे धरला, लहान पोराला घालतात तसा, बाही उघडून.